मामंजी, तुम्ही मादी ठेवलीत

मामंजी, परवा तुमच्या तेरवीची पंगत उठली आणि माणसं ओसरीवर सुपारी कातरत बसली. बोलणं शेतीवरून, सोयरिकीवरून फिरत फिरत तुमच्या कुत्र्यांवर आलं. दुसरबीडहून तुमचे दोस्त गुलाबराव आले होते. आता त्यांना काठी दोन्ही हातांनी धरावी लागते. ते म्हणाले, "कुत्र्याची पारख या मानसाले होती तेवढी कोनाले नव्हती. पन एकडाव फसला. वाघासारखा नर म्या समोर ठेवला. सून बी नरच म्हनली. तरी गड्यानं मादी ठेवून घेतली. काऊन ठेवली, मले अजून समजलं नाही."

सगळे हसले. तुमच्या हट्टीपणाच्या आणखी दोन गोष्टी निघाल्या. मी पडद्याच्या आत कपबश्या विसळत होते. काऊन ठेवली ते मला माहीत होतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं, की गुलाबराव, ते फसले नव्हते. नाही म्हटलं. कपबश्या विसळत राहिले.

तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर तुमच्यासाठीही उघडलं नाही. याची लाज वाटून आज लिहायला बसले आहे. सातवी झालेली सून आणली म्हणून तुम्ही गावभर सांगत फिरायचात. त्या सातवीचा तुमच्यासाठी काही उपयोग मी आज पहिल्यांदा करते आहे.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. हे नोकरीच्या शिक्षणासाठी अकोल्याला होते, महिन्यातून एखाद्या वेळी यायचे. देऊळघाटच्या घरात तुम्ही, गणेशभाऊजी आणि मी. सासूबाई मी यायच्या कितीतरी आधी गेलेल्या. नणंद नाही, जाऊ नाही. डोक्यावरचा पदर सावरत मी त्या घरात दिवसभर वावरायची आणि संध्याकाळी लक्षात यायचं, की आज आपण 'जेवायला वाढलं' याखेरीज काही बोललोच नाही.

महिन्याचे ते दिवस आले की मी काही न सांगता बाजूला बसायची. तुम्ही काही न विचारता चुलीपुढे बसायचात आणि भाकरी थापायचात. कडा तुटलेल्या, मध्ये कच्च्या. माझं ताट दाराशी सरकवून खाकरत निघून जायचात. ती भाकर मला गिळवत नसे. कच्ची म्हणून नव्हे. सासऱ्यानं आपल्यासाठी, आणि त्या कारणासाठी, चूल फुंकावी याची इतकी शरम वाटायची की डोळ्यांत पाणी यायचं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी गुलाबराव टोपल्यात घालून दोन पिल्लं घेऊन आले. ग्रेहाउंड हा शब्द आपल्या गावात कुणाच्या जिभेला वळलाच नाही. सगळे 'सायबी कुत्रं' म्हणत. गुलाबरावांच्या वडिलांनी कोण्या इंग्रज साहेबाकडून जोडी मिळवली होती, आणि तो वेल त्यांनी जपून वाढवला होता. लांब तोंडं, काडीसारखे पाय, पाठीला बाक. एक बदामी, एक राखाडी. बदामी नर होता, राखाडी मादी.

"एक तुमचं, एक सोनाळ्याच्या सोयऱ्याचं," गुलाबराव म्हणाले. "पयले तुमी निवडा. म्या सांगू का? नर घ्या. छाती पाहा त्याची. अजून दूध पिऊन राह्यला तं हे छाती. वर्षात ससा सुटू देनार नाही."

तुम्ही म्हणालात, "नर मायाळू असते, हे बी खरं. भोळा असते. पन बाहेरचा वास आला की घर इसरते."

"अन् मादी?" गुलाबराव हसले. "मादी चलाख, पळाले हलकी, घर धरून राहाते, समदं कबूल. पन माजावर आली का गावचे समदे कुत्रे तुमच्या दारात. घरात नवी सून हाये. बरं दिसन काय?"

मी पडद्याआड उभी होते. माझे कान तापले. आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही हाक मारलीत, "सूनबाई! कुत्र्याले भाकर तुलेच घालाची हाये. तू सांग, कोनतं ठेवू?"

त्या घरात मला कुणी काही विचारण्याची ती पहिली वेळ. चांगला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तरही माझ्याजवळ होतं. राखाडी पिल्लू मघाशीच टोपल्यातून उतरून, ओसरी हुंगत हुंगत पडद्याखालून आत आलं होतं आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपलं होतं. त्याचं पोट श्वासाबरोबर माझ्या घोट्याला लागत होतं. मला तेच हवं होतं. पण गुलाबराव जे बोलले होते त्यानंतर दोन पुरुषांसमोर 'मादी ठेवा' असं नव्या सुनेनं कसं म्हणायचं? माहेरी तो शब्द, त्याहून 'कुत्री' हा शब्द, बायकांना शिवी म्हणूनच ऐकलेला.

"तुम्ही म्हनसान ते," मी म्हटलं.

"मी काय म्हनन ते मले मालूम हाये. तुह्यं सांग."

"नर ठेवा," मी म्हटलं.

गुलाबरावांनी मांडीवर थाप मारली. "पाहा! सूनबाई शहानी हाये."

तुमची नजर खाली, पडद्याच्या काठाकडे गेलेली मला फटीतून दिसली. पडदा आखूड होता. माझा पाय आणि त्यावरचं पिल्लू तुम्हाला दिसत असणार. मी पाय मागे घ्यायला हवा होता. नाही घेतला.

"मादी ठेवा, गुलाबराव," तुम्ही म्हणालात. "नर सोनाळ्याले जाऊ द्या."

सासऱ्यानं माझ्या पायाकडे पाहिलं, एवढंच त्या दिवशी माझ्या मनात राहिलं. संध्याकाळपर्यंत मी बाहेर आले नाही.

पुढे हे घरी आले तेव्हा त्यांनीही तुम्हाला तेच विचारलं, नर का नाही ठेवला? तुम्ही म्हणालात, "तोंडानं नर म्हनली, पन पायावर तिले निजवून ठेवेल होती. अन् घरात एकटी हाये ते. आपन तीन बाप्ये. तिले बाईमानसाची सोबत नाही. मंग कुत्री तं कुत्री." ह्यांना आज ते आठवत नाही, मी विचारलं. मला शब्दन् शब्द आठवतो, कारण मी आत रडले होते. मला वाटलं, माझी बरोबरी तुम्ही कुत्रीशी केलीत. कितीतरी महिने हे मनात धरून मी तुमच्या ताटात भाकर टाकत होते. तुमच्या बोलण्यात माझी कणव होती, हे कळायला मला फार उशीर लागला. पण मामंजी, शब्द चांगले नव्हते ते. एवढं भांडण मी आजही सोडत नाही.

तिचं नाव तुम्ही हरणी ठेवलंत. सायबी कुत्री काय असते हे मला तिच्यामुळे कळलं. पळाली तर वारा, आणि एरवी दिवसभर आळशी. थंडीत अंगावर मांस नाही म्हणून कुडकुडायची. तुम्ही जुन्या घोंगडीचा तुकडा तिच्या पाठीवर बांधला होता. तुमच्याबरोबर शिकारीला जायची आणि परत आली की तुमच्याकडे ढुंकून न बघता आत माझ्याकडे यायची. मी तिच्याशी बोलायला लागले. माहेरची भाषा, माहेरच्या माणसांची नावं, सगळं तिला सांगून झालं.

मग गुलाबराव म्हणाले होते ते आलं. गावभरची कुत्री आपल्या दारात. रात्रंदिवस भांडणं, केकाटणं. विहिरीवर गेले की बायका म्हणायच्या, "तुमच्या दारात तं वरात आली बाई!" पुरुष पारावरून हसायचे. मी घागर अर्धी भरून परतायची. हे आले तेव्हा ह्यांना सांगितलं, मला विहिरीवर जायला तोंड राहिलं नाही, ते कुत्रं देऊन टाका. ह्यांनी तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात, "त्यात तिचं काय चुकलं? ते देवाची रीत हाये. गाव हासते तं हासू दे. मी बसतो."

आणि खरंच बसलात. हरणीला कडब्याच्या खोलीत कोंडलंत, आणि दाराशी खाट टाकून, हातात काठी घेऊन, एवढा मोठा माणूस तिथे राखणीला बसला. येणारा जाणारा हसून जायचा. तुमचं जेवणही तिथेच. मला इतका राग होता की त्या दिवसांत तुमच्या ताटात मी मुद्दाम लोणचं वाढलं नाही. तुम्ही मागितलंही नाही. ती लोणच्याची फोड, मामंजी, माझ्या घशात अजून आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी मला दिवस गेले. कुणाला सांगितलं नाही. हे येतील तेव्हा सांगू, मग माहेरी कळवू, असं चाललं होतं. हे यायच्या आधीच माझ्या अंगावरून जायला लागलं. कंबर फुटत होती. शेजारी पार्वतीकाकू होती, तिला हाक मारता आली असती, पण तीच विहिरीवर सगळ्यांत मोठ्यानं हसायची. मी पदर खोचून काम करत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. वाटलं, थांबेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेतात गेला नाहीत. ओसरीवर बसलात, हरणी तुमच्या पायाशी. मी पडद्याआड भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही बाहेर अंगणाकडे बघत म्हणालात, "सूनबाई, या हरणीचं काही खरं दिसत नाही. कालपासून खाऊन नाही राह्यली."

मला कळेना. हरणीनं तासाभरापूर्वी माझ्या हातची अख्खी भाकर खाल्ली होती.

"तिले दुखते का काही?" तुम्ही विचारलंत.

आणि मग मला समजलं. मी म्हटलं, "हो."

"पोट का कंबर?"

"दोन्ही."

"अंगावर जाते का तिच्या?"

हरणीनं मान उचलून तुमच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"हो, मामंजी."

"कवापासून?"

"परवापासून."

तुम्ही असे उठलात की खाट सरकली. "गण्या! दमणी जुंप!" हा तुमचा आवाज शेजारच्या आळीत गेला असेल. दमणीत तुम्ही कडबा अंथरलात, त्यावर सासूबाईंच्या हातची गोधडी, जी पेटीतून कधी निघत नसे. गाडी स्वतः हाकलीत. बैलांना एकदाही मारलं नाहीत, आणि कुठेही थांबलाही नाहीत. हरणी मागे पळत होती. तुम्ही तिला हाकललं नाहीत.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तुम्हालाच विचारलं, दुसरं कुणी नव्हतंच. कितवा महिना? तुम्ही पागोटं काढून हातात घेतलं होतं. खाली मान घालून, त्याचं टोक पिळत तुम्ही म्हणालात, "चौथा असन, बाई. चार महिने झाले, मले भाकर थापाचं काम पडलं नाही." डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत, हळू. खाटेवरून मला दिसत होतं, तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मूल राहिलं नाही. मी राहिले. आणखी एक दिवस गेला असता तर मीही राहिले नसते, असं त्या म्हणाल्या.

तुम्हीच म्हणाला होतात, नर मायाळू असतो. असेल. पण नराबद्दल तुम्हाला मला तसं विचारता आलं नसतं, आणि मला सांगता आलं नसतं. परवा ओसरीवर एवढंच बोलायचं होतं. एवढंसंच.

त्यानंतर आपण दोघांनीही त्या दिवसाचा विषय काढला नाही. शोभा झाली, तिला तुम्ही खांद्यावरून मिरवलंत. हरणीला पिल्लं झाली, ती तुम्ही लोकांना पारखून पारखून दिलीत. हरणी म्हातारी होऊन गेली. बांधावर तुम्ही स्वतः खड्डा खणलात आणि दोन दिवस ओसरीवर बसून राहिलात. मी तुम्हाला चहा देत होते आणि तुम्ही घेत होतात. तेव्हा म्हणता आलं असतं, मामंजी, तुमचे उपकार आहेत. वाटायचं, म्हणू कधीतरी. घरातलाच माणूस, जातो कुठे.

पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला लकव्यानं गाठलं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. ह्यांची नोकरी मलकापूरला, हे आठवड्यानं यायचे. गणेशभाऊजी सकाळी तुमचं सगळं आवरून शेतात जात आणि संध्याकाळी येऊन पुन्हा आवरत. शोभा शाळेत गेली की मधला सगळा दिवस घरात तुम्ही आणि मी.

मी तुम्हाला भरवत होते. तोंड पुसत होते. गाव म्हणायचं, सून असावी तर अशी. गावाला मधली दुपार दिसत नव्हती.

दुपारी वास यायचा. तुम्ही ओले, घाण झालेले पडून असायचात आणि मला ते कळायचं. मी दारापर्यंत यायची. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. मी म्हणायची, "भाऊजी येतील आता." भाऊजी दिवेलागणीला यायचे. तोवर मी चुलीपाशी जाऊन बसायची. कधी जात्यावर, उगाच, आवाज व्हावा म्हणून. एकदा तुम्ही वाकड्या जिभेनं 'गण्या, गण्या' अशा हाका मारल्यात. भाऊजी नदीपलीकडच्या वावरात होते हे तुम्हालाही माहीत होतं. त्या हाका भाऊजींना नव्हत्या. माझ्या नावानं मारता येत नव्हत्या म्हणून त्या नावानं होत्या. मी पीठ दळत राहिले.

सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात कसा लावायचा, असं मी स्वतःला सांगत होते. कुणी तसं म्हणालं नव्हतं मला. पार्वतीकाकूसुद्धा म्हणाली नव्हती. तुम्ही माझ्यासाठी परक्या बाईसमोर पागोटं हातात घेऊन बोलला होतात. मला दोन तांबे पाणी तुमच्या अंगावर घालता आलं नाही. सबंध हिवाळा.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी भाऊजींना लवकर जावं लागलं, आणि मी मनाशी ठरवलं. कोमट पाणी, जुनं धोतर, साबण घेऊन आत आले. तुमच्याकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हटलं, "मामंजी, हरणीचं अंग पुसायचं हाये."

तुमचा अर्धा चेहरा हसला. अर्धा हलत नव्हता. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

"हरणी," तुम्ही म्हणालात. फार वेळ लागला पुढचा शब्द यायला. "मेली."

मी घोंगडीला हात घातला. तुम्ही डाव्या हातानं ती धरलीत. मी ओढली. तुमच्या त्या एका हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मी आणखी ओढायला हवी होती. किंवा बसून राहायला हवं होतं, तुमची बोटं थकेपर्यंत. मी घोंगडी सोडली, तुमच्या छातीपर्यंत नीट पांघरली आणि पाणी घेऊन बाहेर आले. आणि खरं सांगू? बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची नाही.

तुम्ही माझी लाज राखलीत की मला शिक्षा केलीत, हे तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्यावर रागावायचाही मला हक्क नाही, तरी राग येतो. एवढ्या उशिरा का होईना, आले होते ना मी?

तीन-चार दिवसांनी दुपारी तुम्ही गेलात. शाळेतून आलेल्या शोभानं पाहिलं आणि मला बोलावलं. मग माणसं जमली, हेही मलकापूरहून पोचले. अंगणात पाट मांडला. आंघोळ पुरुषांनी घालायची, बायकांनी आत थांबायचं. पाणी तापवायला मी बसले. पार्वतीकाकू म्हणाली, "तू राहू दे, मी पाहातो." मी उठले नाही.

पाण्याला आधण आलं. भाऊजी हंडा न्यायला आले तेव्हा मी त्यांना थांबा म्हटलं. हात घालून पाहिला. फार कढत होतं. तांब्यानं गार पाण्याचं विसण घातलं, ढवळलं, पुन्हा हात घातला, कोपरापर्यंत. अजून जास्तच वाटलं. आणखी विसण घातलं.

"आता कायले पाह्यतं, वहिनी," भाऊजी म्हणाले. "त्याईले काय समजते आता?"

"थांबा," मी म्हटलं.

शोभाच्या अंगाला चालेल एवढं झालं, तेव्हा मी हात काढला आणि हंडा त्यांना नेऊ दिला.